पन्नास मायक्रॉनच्या फटीतला द्रव : उद्यमबागेतल्या एका व्हॅक्यूम सीलचे प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत कटिंग टूल्सवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चढवणारे एक छोटे युनिट आहे. चेंबर साधारण ४०० लिटरचे. आत टूल्स लावलेले टेबल मिनिटाला पाचेक फेरे घेते, कारण फिरल्याशिवाय थर सगळ्या बाजूंनी सारखा बसत नाही. मोटर बाहेर हवेत आणि टेबल आत व्हॅक्यूममध्ये. दोघांना जोडणारा २५ मिलिमीटरचा शाफ्ट तळाच्या सीलमधून आत जातो आणि ते सील फेरोफ्लुइडचे, म्हणजे चुंबकाने जागेवर धरलेल्या काळ्या द्रवाचे आहे.

ऐन पावसाळ्यात, गणपतीआधीच्या ऑर्डरी अंगावर असताना हे सील निकामी झाले. बेअरिंग जाम होऊन शाफ्टवर चरे पडले होते. युनिटने जवळच्याच वर्कशॉपमधून नवा शाफ्ट करून घेतला, बेअरिंग बदलली, नवा द्रव भरला आणि सील परत बसवले. व्हॅक्यूम मात्र येईना.

तक्रारीचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे, कारण निम्मे निदान त्यातच होते. रोटरी पंप चालू केला की दाब ९२५ मिलिबारवरून उतरू लागे. ८०० च्या आसपास सीलच्या बाजूने बुडबुड ऐकू येई. पुढे काटा अडखळत उतरे आणि ८ ते २० मिलिबारच्या मध्ये झुलत राही. पुढचा खोल व्हॅक्यूम काढणाऱ्या डिफ्यूजन पंपाचा व्हॉल्व्ह उघडायचा तर दाब निदान ०.१ मिलिबारच्या खाली हवा. चेंबर उघडल्यावर तळाशी, शाफ्टभोवती, काळे शिंतोडे दिसले. हवा द्रवाला ढकलून आत घुसत होती आणि जाता जाता त्याला उडवतही होती.

(सुरुवातीचा दाब ९२५ पाहून गेज बिघडले असे समजू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, म्हणून इथली हवा १०१३ ऐवजी ९२५ च्या आसपासच भरते. सीलवरचा भार त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांनी हलका होतो. इथे कसेबसे तग धरणारे सील घाट उतरून गोव्यात नेले तर तिथे तग धरेलच असे नाही.)

दोष सीलचाच आहे हे आधी पक्के करायला हवे होते. सील काढून त्या जागी नवी ओ-रिंग घालून ब्लँक फ्लँज, म्हणजे भोक नसलेले झाकण, बसवली. त्याच पंपावर अर्ध्या तासात दाब ०.०५ मिलिबारवर आला. म्हणजे चेंबर, दाराची ओ-रिंग, पंप सगळे ठीक होते.

द्रव फटीत टिकतो तो कशामुळे

फेरोफ्लुइड म्हणजे तेलात विखुरलेले मॅग्नेटाइटचे कण, प्रत्येक सुमारे १० नॅनोमीटरचा. कणांवर सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. कण इतके बारीक असतात की उष्णतेच्या हालचालीमुळेच ते तळाशी बसत नाहीत. असा द्रव १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी बनवला. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून इंजिनाकडे नेता यावे, ही त्यामागची कल्पना होती. इंधनाचे काही तसे झाले नाही, पण सीलच्या कामात या द्रवाने घर केले.

या सीलमध्ये एक निओडिमियमचे कंकणाकृती चुंबक आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मृदू पोलादाचा एकेक पोल पीस, म्हणजे चुंबकाचा प्रवाह शाफ्टकडे नेणारी कडी. प्रत्येक पोल पीसच्या आतल्या बाजूला चार दात कोरलेले आहेत. दाताची रुंदी ०.२५ मिलिमीटर, दोन दातांमधली खाच ०.७५ रुंद आणि ०.७ खोल. दातांच्या टोकाशी भोक २५.१० मिलिमीटरचे आणि शाफ्ट २५.००. म्हणजे फट प्रत्येक बाजूला ०.०५ मिलिमीटर, पन्नास मायक्रॉन. चुंबकाचा प्रवाह एका पोल पीसमधून दातांवाटे फट ओलांडून शाफ्टमध्ये उतरतो, शाफ्टमधून लांबीच्या दिशेने जातो, पुन्हा फट ओलांडून दुसऱ्या पोल पीसमध्ये चढतो आणि चुंबकाकडे परततो. शाफ्ट हा या मंडलाचा एक भाग आहे, हे वाक्य या प्रकरणात पुढे उपयोगी पडेल.

दाताखालच्या फटीत क्षेत्र १ टेस्लाच्या आसपास असते आणि खाचेखाली त्याचा थोडासाच अंश उरतो. द्रव जोराच्या क्षेत्राकडे ओढला जातो, म्हणून प्रत्येक दाताखाली त्याचे एक स्वतंत्र कडे तयार होते. हवेने त्या कड्याला ढकलले की ते दाताखालून थोडे सरकते. त्याची एक कड कमी क्षेत्रात आणि दुसरी जास्त क्षेत्रात राहते, आणि या फरकातूनच उलटा दाब तयार होतो. द्रवाच्या घट्टपणाचा इथे काही संबंध नाही. पातळ द्रवही तेवढाच दाब धरतो.

आकडेमोड सोपी आहे. द्रव संपृक्त झाल्यावरचे त्याचे चुंबकन गुणिले दाताखालच्या आणि खाचेखालच्या क्षेत्रांतला फरक. ४५० गॉसच्या द्रवाचे चुंबकन मीटरला ३६ किलोअँपिअर भरते. फरक ०.८ टेस्ला धरला तर एक कडे कागदावर २८ ते २९ किलोपास्कल धरते. प्रत्यक्षात फट सगळीकडे सारखी नसते, द्रवही थोडा कमी-जास्त बसतो, म्हणून २० धरणे शहाणपणाचे. आठ कड्यांचे १६० किलोपास्कल. बेळगावच्या हवेचा भार ९२.५. म्हणजे पावणेदोन पट राखीव.

आठ कडी भार वाटून कशी घेतात, हे खानापूरकडची उतारावरची भातशेती पाहिली की ध्यानात येते. प्रत्येक बांध फक्त आपल्या पायरीएवढे पाणी अडवतो आणि वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येते. सीलमध्ये चेंबरकडचे कडे पहिल्यांदा भार घेते आणि सोसवेना की क्षणभर फुटते. त्यामागच्या खाचेतली थोडी हवा चेंबरमध्ये जाते आणि कडे आपोआप पुन्हा जुळते, कारण क्षेत्र द्रवाला दाताखाली परत ओढतेच. मग पुढचे कडे भार घेते. पहिल्या पंपिंगला गेजवर उठणाऱ्या दोन-चार उसळ्या त्यामुळेच असतात. त्या दोष नव्हेत. दाब उतरत असताना त्या विरळ होत थांबल्या पाहिजेत. या सीलमध्ये त्या थांबतच नव्हत्या.

व्हिडिओंमध्ये फेरोफ्लुइडवर काटे उभे राहताना दिसतात, ते इथे का नाहीत असे अनेक जण विचारतात. उघड्या पृष्ठभागावरच्या त्या काट्यांमधले अंतर साधारण सेंटिमीटरभर असते. पन्नास मायक्रॉनच्या फटीत त्यांना उभे राहायला जागाच नाही. शिवाय दाताच्या कडेशी चुंबकाची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असते, त्यामुळे सील उभे आहे, आडवे आहे की उलटे, याने द्रवाला फरक पडत नाही.

काय काय तपासले

पहिला संशय चुंबकावर होता. साध्या प्रतीचे निओडिमियम ८० अंशांच्या वर कायमचे चुंबकत्व गमावू लागते आणि हे सील तापलेले होते हे नक्की. पण पोल पीसच्या बाहेरच्या कडेला गॉसमीटर लावून त्याच मॉडेलच्या न वापरलेल्या सीलशी तुलना केली तेव्हा फरक नगण्य निघाला. (फटीत मोजमाप करता येत नाही. हॉल प्रोबची जाडीच फटीच्या कितीतरी पट असते.)

मग शाफ्टची गोलाई. डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डुलतो ते, पाहिले तर एका शतांश मिलिमीटरच्या आत, आणि पृष्ठभाग आरशासारखा. ही तपासणी महत्त्वाची, कारण शाफ्ट ०.०२ ने जरी एका बाजूला असला तरी फट एकीकडे ३० आणि दुसरीकडे ७० मायक्रॉन होते. अरुंद बाजूला क्षेत्र जास्त, म्हणून द्रवही तिकडेच जमतो आणि रुंद बाजू उघडी पडते. कड्याची ताकद त्याच्या सगळ्यात कमकुवत बिंदूएवढीच असते. इथे ती भानगड नव्हती. टर्नरचे काम चोख होते.

द्रव मूळ कंपनीचाच होता आणि बाटली बंद होती. दुकानात कोणीतरी स्पीकर दुरुस्तीत वापरतात तो फेरोफ्लुइड घालून पाहायचे सुचवले होते. सुदैवाने ते केले नव्हते. तो साधारण २०० गॉसचा असला तर वरच्याच हिशेबाने आठ कड्यांची ताकद ७१ किलोपास्कलवर येते आणि भार ९२.५ चा आहे. त्याहून मोठा धोका मिसळीचा आहे. वेगळ्या तेलाचा, वेगळ्या सर्फॅक्टंटचा द्रव मिसळला की कणांवरचे थर बिघडतात, कण गोळा होतात आणि फटीत काळा चिखल उरतो. रोटरी पंपाचे तेल किंवा व्हॅक्यूम ग्रीस 'थोडेसे' घातल्यानेही हेच होते.

राहिला शाफ्टचा धातू. वर्कशॉपने 'एसएस' म्हणून ३०४ स्टेनलेस वापरले होते. व्हॅक्यूमच्या कामात ३०४ ची सवय सगळ्यांनाच असते. चेंबर ३०४, फ्लँज ३०४, म्हणून शाफ्टही ३०४. त्यांनी चुंबक लावूनही पाहिले होते आणि ते थोडेसे चिकटले होते. इथेच फसगत झाली. ३०४ मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण थंड ओढलेल्या बारमध्ये आणि टर्निंगच्या दाबाने पृष्ठभागाचा थोडा भाग मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे पोलादाच्या चुंबकी रूपात, बदलतो आणि तेवढाच चिकटतो. 'चिकटते' आणि 'प्रवाह वाहून नेते' यांत फार अंतर आहे.

हे अंतर मोजायची घरगुती रीत अशी. ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, त्यावर छोटे निओडिमियम चुंबक चिकटपट्टीने पक्के बसवा आणि काटा शून्यावर आणा. मग शाफ्ट चुंबकापासून बरोबर २ मिलिमीटर वर धरा, मध्ये प्लॅस्टिकची पट्टी ठेवली तर अंतर पक्के राहते. काटा उणे किती ग्रॅम दाखवतो ते पाहा. जुना चरे पडलेला शाफ्ट आणि नवा शाफ्ट एकाच व्यासाचे होते, त्यामुळे तुलना सरळ होती. जुन्यासमोर काटा झपकन खाली गेला, नव्यासमोर जेमतेम हलला.

काचेतला छेद

वर्कशॉपला आणि युनिटच्या फिटरना हे पटवायचे तर नुसता हिशेब पुरत नाही. म्हणून सीलचा छेदच मोठ्या आकारात काचेत बसवला. ही मांडणी कोणालाही एका दुपारी करता येते.

१ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचे दोन कंगवे कापले: दात दीड मिलिमीटरचे, मधली खाच २ मिलिमीटरची. दोघांच्या मध्ये, मागच्या बाजूला, चुंबक असे ठेवले की एक कंगवा उत्तर ध्रुवाला आणि दुसरा दक्षिण ध्रुवाला टेकेल. दातांच्या समोर अर्धा मिलिमीटर अंतरावर त्याच जाडीची सरळ पट्टी, शाफ्टच्या जागी. वर-खाली फोटोफ्रेमवाल्याकडच्या काचा, कडा क्लिपांनी आवळलेल्या. मग सिरिंजने फटीत द्रवाचे काही थेंब.

पट्टी साध्या पोलादाची असताना द्रव झटक्यात प्रत्येक दातापाशी उडी मारतो आणि दातापासून पट्टीपर्यंत सुटे सुटे काळे पूल तयार होतात. मधल्या खाचा स्वच्छ राहतात. एका टोकाने रिकाम्या सिरिंजने हवा दाबली की पहिला पूल पुढे फुगतो, फुटतो, लगेच परत जुळतो आणि दुसरा फुगू लागतो. भार वाटला जाणे इथे डोळ्यांनी दिसते.

तीच पट्टी काढून ३०४ ची लावली. पूल बांधलेच गेले नाहीत. बहुतेक द्रव दोन कंगव्यांच्या मधल्या कोपऱ्यात, चुंबकाजवळ, गोळा झाला आणि दातांच्या टोकांवर नुसते मणी लोंबले. सिरिंज दाबताच हवा सरळ आरपार गेली.

समोर पोलाद असले की प्रवाहाला ओलांडायला सोपी जागा मिळते आणि तो दातांच्या टोकांतून एकवटून जातो. समोर ३०४ असले की त्याला ती वाट नसते. तो पसरतो आणि एका पोल पीसमधून बाहेरूनच दुसऱ्याकडे वळतो. शाफ्टच्या पृष्ठभागाशी दाताखाली आणि खाचेखाली क्षेत्र जवळजवळ सारखेच राहते. क्षेत्र शून्य झालेले नसते, फरक नाहीसा झालेला असतो, आणि दाब धरला जातो तो फरकावर. आठ कड्यांच्या जागी प्रत्येक पोल पीसपाशी एक ढिला पुंजका उरतो. ८०० मिलिबारला, म्हणजे जेमतेम १२५ मिलिबारच्या फरकाला, सुरू झालेली बुडबुड या चित्राशी बरोबर जुळते.

(याच काचेतून पट्टी आणि कंगवे काढून एकच थेंब ठेवावा आणि खालून सपाट चुंबक आणावे. क्षेत्र आता काचेला काटकोनात असते. थेंबाच्या कडेला बोटे फुटतात आणि चक्रव्यूहासारखी नक्षी पसरते. द्रव तोच, अरुंद जागा तशीच, फक्त क्षेत्राची दिशा बदलली. हे सीलच्या कामाचे नाही, पण काच हाताशी असताना न पाहता राहू नये.)

नवा शाफ्ट आणि जुळणी

धातूला स्टेनलेसचेच पर्याय तीन होते: ४३०, ४१६ आणि १७-४ पीएच. तिन्ही चुंबकी आहेत. ४१६ कापायला सर्वांत सोपे, पण त्यातल्या गंधकामुळे गंज लवकर धरतो, आणि बेळगावच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत शाफ्टचे बाहेरचे टोक उघडेच असते. गंजाची पूडही फटीत जायची. म्हणून १७-४ पीएच निवडले. विमानांच्या सुट्या भागांच्या कामामुळे हा धातू या भागातल्या टर्नरना अनोळखी नाही. व्यास २५.०० ला उणे ५ मायक्रॉनची सूट, ग्राइंडिंगनंतर खडबडीतपणा ०.४ मायक्रॉनच्या आत. काम त्याच वर्कशॉपने केले आणि तितकेच चोख केले.

जुळणीत सगळ्यात जास्त काळजी लोखंडी पुडीची घ्यावी लागली. उद्यमबागेत शेजारी फौंड्री किंवा ग्राइंडिंग नाही अशी जागा मिळणे कठीण. उघडे चुंबक टेबलावर ठेवले की काही मिनिटांत त्याला मिशा फुटतात. ती पूड फटीत गेली की दात आणि शाफ्ट यांच्यामध्ये पूल करते, ओरखडे काढते आणि द्रवातले कणही भोवती गोळा करते. म्हणून जुळणी वर्कशॉपमध्ये न करता ऑफिसच्या खोलीत, पंखा बंद करून, धुतलेल्या काचेवर केली. चुंबकाला लागलेली पूड फडक्याने निघत नाही, उलट पसरते. चिकटपट्टी किंवा मऊ पुट्टी दाबून ती उचलावी लागते.

जुना द्रव धुताना आधी त्याचे तेल कोणते ते पाहिले. हायड्रोकार्बन तेलाचा द्रव हेप्टेनने निघतो. फ्लोरिनयुक्त तेलाच्या द्रवावर अॅसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) काहीच करत नाही, त्याला फ्लोरिनयुक्त सॉल्व्हंटच लागतो. इथे हायड्रोकार्बन होते. दात हेप्टेन आणि नायलॉनच्या ब्रशने धुऊन भिंगातून पाहिले.

द्रव किती घालायचा? एका दाताखालच्या फटीचे आकारमान जेमतेम १ मायक्रोलिटर. कडेचा फुगवटा आणि थोडी शिल्लक धरून दाताला ५, आठ दातांना मिळून ४० मायक्रोलिटर, एका थेंबाच्या आसपास. मागच्या जुळणीत 'कमी पडायला नको' म्हणून सिरिंजभर ओतला होता. जास्त द्रवाने खाचा भरतात, शेजारची कडी एकमेकांत मिसळतात, टप्पे कमी होतात आणि उरलेला बेअरिंगच्या ग्रीसमध्ये किंवा चेंबरमध्ये जातो. शाफ्ट बरोबर असता तरी तेवढ्या द्रवाने त्रास दिलाच असता.

चुंबक आणि पोल पीस बसवल्यावर मायक्रोपिपेटने प्रत्येक दाताच्या कडेला द्रव सोडला. दात तो ओढून घेतो आणि कडेभोवती पसरवतो. मग शाफ्ट. चुंबकाची ओढ शाफ्टला एका बाजूला खेचते आणि दाताला घासला की मेहनत वाया जाते. म्हणून दोन्ही टोकांना नायलॉनच्या मार्गदर्शक बुश लावून, शाफ्ट सावकाश फिरवत आत सरकवला आणि बेअरिंग बसल्यावरच बुश काढल्या.

पहिल्या पंपिंगला शाफ्ट हळू फिरवत ठेवला. गेजवर काही उसळ्या आल्या, त्यांच्यातले अंतर वाढत गेले आणि २०० मिलिबारच्या खाली त्या थांबल्या. रोटरीवर ०.०५, डिफ्यूजन पंपावर रात्रीतून ०.००००५ मिलिबार. हेलियमच्या तपासणीत सीलपाशी गळती १० च्या उणे आठव्या घाताच्या खाली, मिलिबार-लिटर प्रति सेकंद या मापात.

मूळ बिघाड कुठला

पहिला शाफ्ट खराब झाला तो सील तापल्यामुळे. टेबलाचा हीटर ४०० अंशांचा आणि उष्णता शाफ्टवाटे खाली येते. फिरण्याच्या घर्षणाची उष्णता मिनिटाला पाच फेऱ्यांना नगण्यच. सीलच्या बाहेरच्या जॅकेटमध्ये गार पाणी फिरायला हवे, ते बोअरचे होते आणि जॅकेट क्षारांनी जवळपास बुजले होते. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८५ अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे कणांची चिंता नसते. आधी उडते ते तेल. तेल उडाले की द्रव दाट होतो, कडी आटतात, बेअरिंगचे ग्रीस सुकते आणि शेवटी बेअरिंग जाम.

आता जॅकेटला छोट्या टाकीतले डीएम (क्षार काढलेले) पाणी बंद चक्रात फिरते आणि परतीच्या नळावर फ्लो स्विच आहे. पाणी मिनिटाला २ लिटरच्या खाली आले की हीटर बंद होतो. बाहेर पडणारे पाणी ४० अंशांच्या वर गेले की अलार्म. पावसाळ्यात काम नसलेल्या आठवड्यांत चेंबर व्हॅक्यूमखाली बंद ठेवतात आणि दर काही दिवसांनी टेबल दहा मिनिटे हाताच्या वेगाने फिरवतात. बरेच दिवस थांबलेल्या द्रवात कणांची मांडणी घट्ट होते आणि पहिला फेरा जड जातो, म्हणून मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू करायची नाही. त्या पहिल्या फेऱ्यात गेजवर एखादी उसळी आली तर चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातही ती येत राहिली, तर रनआउट आणि जॅकेटचे पाणी, या क्रमाने तपासायचे.

शाफ्टच्या ड्रॉइंगवर धातूच्या रकान्यात पूर्वी नुसते 'एसएस' होते. आता तिथे '१७-४ पीएच, चुंबकी, ३०४ किंवा ३१६ चालणार नाही' असे लिहिले आहे आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर धातूचा नंबर कोरला आहे.